पंधरा टक्क्यांची ओळ

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे, उलट मनातून थोडा अभिमानच होता. तिच्या हाताखालून गेलेल्या हिशोबात खडा म्हणून राहायचा नाही. कुणी नुसतं "अंदाजे" म्हटलं की हिच्या कपाळावर आठी. "अंदाजे म्हणजे किती?" असं विचारायची, आणि समोरचा बिचारा कागद उचलून पुन्हा आकडेमोडीला जायचा. बरं, बाई वाईट नव्हती हो. कुणाचा वाढदिवस असला की स्वतः केक करून आणायची. फक्त तो कापायची मात्र पट्टी लावून.

ऑफिस होतं एका मोठ्या रुग्णालयाच्या निवृत्तिनिधीचं. नर्सेस, आया, वॉर्डबॉय, अँब्युलन्सचे ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली माणसं, सगळ्यांच्या पगारातून दर महिन्याला थोडं कापलं जायचं ते इथे यायचं, आणि म्हातारपणी पेन्शन होऊन त्यांच्याकडे परत जायचं. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या पैशाचं करायचं काय, हा खरा प्रश्न. थोडे सरकारी रोख्यांत, थोडे शेअर्समध्ये, थोडे सोन्यात, थोडे इमारतींत. पण 'थोडे' म्हणजे किती, ते सरांचं गणित सांगायचं.

सर म्हणजे जोखीम विभागाचे प्रमुख. चाळणी कॉलेजातून थेट त्यांच्या हाताखाली आली होती, आणि तिला जे काही येत होतं ते त्यांनीच शिकवलेलं होतं. त्यांचं गणित समजायला तसं अवघड नव्हतं. प्रत्येक गुंतवणुकीत सरासरी किती सुटतं, तिची किंमत वर-खाली किती हेलकावे खाते, आणि एक पडते तेव्हा दुसरी तिच्याबरोबर पडते की सावरून धरते, हे जुन्या आकड्यांवरून काढायचं. मग गणिताला सांगायचं, मला एवढा परतावा हवाच आहे, तो कमीत कमी हेलकाव्यांत मिळेल अशी वाटणी करून दे. गणित वाटणी करून द्यायचं. विश्वस्तांपुढे सर हे फळ्यावर समजावायचे आणि शेवटी दर वर्षी तेच ठासून सांगायचे, "आलेलं उत्तर आवडलं नाही म्हणून त्याला हात लावायचा नाही. हातच लावायचा असेल तर गणित कशाला? माझ्या सासऱ्यांना विचारा, ते फुकट सांगतील." विश्वस्त हसायचे. निधीचे अध्यक्ष हे एके काळचे नामांकित सर्जन. त्यांना तर हे वाक्य इतकं आवडायचं की ते स्वतःचंच असल्यासारखं चारचौघांत ऐकवायचे.

गेल्या वर्षी हे सगळं गणित जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या प्रणालीत हलवायचं काम चाळणीकडे आलं. मग काय विचारता! तिने त्या प्रोग्रॅमची एकेक ओळ उन्हात वाळत घातली. ही कशासाठी, ती कशासाठी, कारण सापडलं तर ठेवायची, नाही सापडलं तर सरांना विचारायचं. अशात एक ओळ निघाली. इमारतींचा वाटा पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्या ओळीत होतं. का, कुणी ठरवलं, काही नाही. ती उठली आणि सरांच्या खोलीत गेली. तिथे अध्यक्ष चहा पीत बसले होते. तिने दारातूनच विचारलं, "सर, इमारतींवर ही पंधराची मर्यादा कशाला आहे?"

सरांनी कप खाली ठेवला. "असेल काहीतरी जुनं," ते म्हणाले. "कारण नसेल तर काढ."

तिने काढली.

या वर्षी गणिताने इमारतींना अडतीस टक्के दिले. परतावा तेवढाच आणि हेलकावे जवळजवळ निम्मे! अध्यक्ष खूश झाले. शहरात एक सबंध इमारत विकायला निघालीच होती, तिचा सौदा त्यांनी जुळवत आणला. रोखे विकून ती घ्यायची, असा प्रस्ताव विश्वस्तांकडे गेला, त्यावर सरांची सही आणि खाली चाळणीची. गुरुवारी बैठक. त्याच दिवशी सर निवृत्त होणार होते, बैठकीनंतर त्यांचा निरोपसमारंभ होता, आणि त्यांच्या जागी चाळणीचं नाव जाहीर होणार हे तर शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आईने त्या दिवशी नेसायची साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली होती.

सोमवारी ती बैठकीसाठी चित्रं काढत बसली. अध्यक्षांना आकड्यांपेक्षा चित्रं बरी वाटायची. म्हणून तिने प्रत्येक गुंतवणुकीची इतक्या वर्षांची किंमत एकाच आलेखावर काढली. शेअर्सची रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली. सोन्याची चढून उतरून पुन्हा चढली. रोखे जरा कुरकुरत वर गेले. आणि इमारतींची रेघ आली ती सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखी. मध्ये दोन वर्षं अशी गेली होती की सगळ्या बाजाराचं कंबरडं मोडलं होतं, दुकानं बंद पडली होती, तरी या रेघेला ओरखडाही नाही. तिने आकडे पुन्हा तपासले, रेघ तशीच आली.

मग तिने इमारतींची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरला फोन लावला. मोठा गोड माणूस.

"मॅडम, किंमत कशावरून ठरवू मी? आसपास एखादी विक्री झाली तर त्यावरून ठरवतो. झालीच नाही तर मागच्या वर्षीची घ्यायची आणि थोडी चढवायची. सगळे तसंच करतात."

"आणि बाजार पडला त्या वर्षी?"

"त्या वर्षी कोण विकणार? विक्री नाही, मग पडली असं मी कसं म्हणू?"

"पण पडली होती ना?"

"ते आपलं असं गप्पा मारताना म्हणायचं," तो म्हणाला. "रिपोर्टात नाही लिहिता येत."

दुपारी ती निधीच्या मालकीची जुनी इमारत बघायला गेली. इतकी वर्षं तिची किंमत मोजली होती, तिच्यात पाय मात्र आज पहिल्यांदा टाकत होती, याची तिची तिलाच लाज वाटली. तळमजल्यावर एक चष्म्याचं दुकान चालू होतं, शेजारच्या दोन दुकानांच्या शटरवर धूळ बसलेली. चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आली तर समोर सगळा मजला रिकामा, फरशीवर टेबलांच्या पायांचे डाग आणि भिंतीतून लोंबणाऱ्या टेलिफोनच्या वायरी. सफाईवाली बाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. "भाड्याने बघताय का?" तिने आशेने विचारलं. चाळणी नाही म्हणाली, तेव्हा ती बाई हिरमुसून पुन्हा फोनमध्ये बघायला लागली.

संध्याकाळी घरी आई शेंगा सोलत बसली होती. आई याच रुग्णालयात नर्स होती, म्हणजे याच निधीची पेन्शनर. चाळणीचा नवरा कामानिमित्त परगावी असायचा, घरात या दोघीच. मुलीचा चेहरा बघून आईने शेंगांची परात बाजूला सारली.

"काय झालं, ठमे? तोंड का पाडलंयस?"

"आई, तुमच्या वॉर्डात असं कधी झालंय का, की नर्सने पेशंटचा ताप बघितलाच नाही आणि सकाळचाच आकडा दुपारच्या रकान्यात लिहून टाकला?"

आईने आधी दाराकडे बघितलं, जशी काही मेट्रन बाहेर उभी होती. "अगं, कधी कधी व्हायचं. एक बाई आणि चाळीस पेशंट, काय करणार? मीसुद्धा केलंय एकदोनदा. पेशंट शांत झोपलेला असला की वरचाच आकडा खाली." मग हसली. "डॉक्टर राऊंडला आले की तक्ता बघून खूश. म्हणायचे, वा, किती स्थिर आहे हा!"

"तसं झालंय," चाळणी म्हणाली. "आमची इमारत तशी स्थिर आहे."

तिने सगळं सांगितलं. गणिताला इमारत शांत का वाटली, तर तिचा ताप कुणी बघितलाच नव्हता. आणि जे शांत दिसेल तेच गणित भरभरून घेतं, त्याचा तो स्वभावच. सरांनी ती पंधराची ओळ काहीतरी जाणून घातली होती, आणि हिने ती उचलून फेकली होती. ऐकता ऐकता आईचं हसू मावळलं.

"म्हणजे माझी पेन्शन तसल्या धूळ खाणाऱ्या दुकानांत जाणार?"

"तुझी, आणि सगळ्यांचीच. एकदा इमारत घेतली की अडीनडीला विकताही येत नाही गं. पुढच्या काही वर्षांत निम्म्या नर्सेस एकदम निवृत्त होतायत. त्यांना महिन्याच्या महिन्याला रोख द्यायचंय. भिंतीच्या विटा काढून देणार का?"

"मग सांग की सरांना. तुझे सर देवमाणूस आहेत."

मंगळवारभर ती गणिताशी झटली. व्हॅल्युअर जुन्या किमतीला किती चिकटून राहतो ते मानून घ्यायचं आणि त्या सरळ रेघेमागचे खरे हेलकावे उकरून काढायचे, अशी एक रीत असते. तिने ती लावून बघितली. तो थोडा चिकटतो असं धरलं तर इमारतींना बावीस टक्के येत होते. फार चिकटतो म्हटलं तर नऊ. आणि किती चिकटतो हे कुठल्याच आकड्यात नव्हतं, ते तिलाच ठरवायचं होतं. "अंदाजे म्हणजे किती?" असं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं, आता स्वतःला विचारायची पाळी आली. भारी चिडली ती, पण चिडायचं तरी कुणावर?

बुधवारी संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं, "अगं ये, उद्याचं भाषणच पाठ करतायत," असं म्हणून आत नेलं. सर खिडकीपाशी बसले होते, मांडीवर कागद. तिने एका दमात सगळं सांगितलं, रेघ, व्हॅल्युअर, रिकामा मजला. सर शांतपणे ऐकत होते, अधूनमधून मान डोलवत होते.

"तर सर, ती पंधराची मर्यादा तुम्ही याच्यासाठीच घातली होती ना? उद्या बैठकीत तुम्ही एवढंच सांगा. मी ती चुकून काढली असं मी म्हणते. चूक माझ्या नावावर जाऊ दे. पण ती का घातली होती ते तुमच्या तोंडून यायला हवं."

"कुठली मर्यादा?" सर म्हणाले.

तिला आधी वाटलं, ऐकू आलं नसावं. "इमारतींवरची. जुन्या प्रोग्रॅममधली."

"मी कसलीही मर्यादा घातलेली नाही. माझ्या आधीच्या कुणाची असेल."

"सर, तुमच्या आधी तो प्रोग्रॅमच नव्हता."

काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. सरांनी मांडीवरचे कागद सारखे केले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे बघ, मी या लोकांना इतकी वर्षं एकच गोष्ट सांगितली. उत्तराला हात लावायचा नाही. उद्या माझा शेवटचा दिवस आहे. तुला काही नवीन सापडलं असेल तर तू मांड. आता जोखीम विभाग तुझाच आहे."

ती चहा न घेताच उठली. जिना उतरताना तिला रडू आलं आणि रागही आला, आधी कशाचा आला ते तिला सांगता आलं नसतं. ज्या माणसाने तिला शिकवलं होतं की उत्तर कितीही कडू असलं तरी गिळायचं, तो माणूस तोंडावर खोटं बोलला होता. आणि का बोलला तेही तिला स्वच्छ कळलं होतं, ते जास्त लागलं. उद्या ती ओळ कुणाची हे बाहेर पडलं, तर सरांच्या सगळ्या भाषणांचं, त्या फळ्याचं, सासऱ्यांच्या त्या विनोदाचंसुद्धा हसं होणार होतं. पण तिने तोंड मिटलं, तर आईच्या मैत्रिणींच्या पेन्शनचं काय? वाटेत तिने ठरवलं की सरांचं नाव घ्यायचं नाही, आणि गप्पही बसायचं नाही.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबलाभोवती विश्वस्त बसले. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सर, नवा कोट घालून. टेबलाच्या टोकाला निवृत्त मेट्रनबाई, कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. इमारतीचा विषय निघाला तशी चाळणी उभी राहिली.

"या प्रस्तावावर माझी सही आहे, ती मी मागे घेते," ती म्हणाली. पट्टीने ओढलेली ती रेघ तिने पडद्यावर दाखवली, व्हॅल्युअरचं बोलणं सांगितलं, निधीच्या जुन्या इमारतीतली बंद दुकानं आणि रिकामा मजला सांगितला, वॉर्डातल्या तापाचा तक्ता सांगितला. त्यावर मेट्रनबाईंनी चष्म्यावरून असं काही बघितलं की खोलीत दोघातिघांना हसू आलं. "इमारतींवर पंधरा टक्क्यांची मर्यादा घालावी, असं माझं म्हणणं आहे."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "पंधरा कुठून आले? गणितातून?"

"गणितातून नऊ ते बावीस येतात. त्यातले पंधरा मी निवडलेत."

"तुम्ही निवडलेत! म्हणजे तुम्हाला वाटलं म्हणून?"

"हो. रिकामा मजला बघून आले, त्या व्हॅल्युअरशी बोलले, आणि मला भीती वाटली म्हणून."

"कमाल झाली!" अध्यक्षांचा आवाज चढला. "सौदा ठरलाय, शब्द देऊन बसलोय, आणि तुम्ही भीती वाटते म्हणून सांगताय? सर इथे बसलेत. इतक्या वर्षांत या माणसाने एका आकड्याला बोट लावलं नाही. सर, तुम्हीच सांगा, तुम्ही असं कधी केलं असतंत?"

सगळे सरांकडे वळले. चाळणीने मात्र टेबलाकडे बघितलं. तिला त्यांच्याकडे बघवेना. तिला ठाऊक होतं, आता एक शब्द बोलले तर ती वाचेल, आणि एक वाक्य ती बोलली तर ते संपतील.

"प्रस्तावावर फेरविचार करायला हरकत नसावी," सर म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास उचलला. बस्स, एवढंच.

मेट्रनबाईंनी घसा खाकरला. त्या कमी बोलायच्या, पण बोलल्या की मधे कुणी तोंड घालत नसे. "मला गणित कळत नाही, मी कबूल करते. मला एवढंच सांगा. त्या रिकाम्या दुकानांपैकी एक दुकान आज विकायला काढलं, तर पैसे कधी येतील?"

मग मतं घेतली. इमारत घ्यायचं पुढे ढकललं गेलं, आणि तेही एका मताच्या फरकाने. पंधराच्या वर जायचं नाही, असं वर्षभरापुरतं मान्य झालं. पण अध्यक्षांनी दोन गोष्टी लिहून घेतल्या. हाताने घातलेली प्रत्येक मर्यादा यापुढे कारणासकट आणि घालणाऱ्याच्या नावासकट विश्वस्तांपुढे यावी, ही एक. आणि जोखीम विभागाच्या प्रमुखपदासाठी बाहेरून माणूस बघावा, तोवर चाळणीबाईंनी तूर्त काम सांभाळावं, ही दुसरी. खोलीतल्या कुणीच तिच्याकडे बघितलं नाही.

निरोपसमारंभात अध्यक्षांनी मोठं भाषण केलं. "आजकाल ज्याला त्याला काहीबाही वाटतं आणि तो आकड्यांत ढवळाढवळ करतो. सरांना कधी काही वाटलं नाही, म्हणून हा निधी उभा आहे!" टाळ्या पडल्या. चार जणांनी वळून तिच्याकडे बघितलंच. तिने इस्त्रीच्या साडीचा पदर घट्ट धरून ठेवला होता आणि टाळ्याही वाजवल्या. सर उत्तराला उठले. तिला वाटलं, आता बोलतील, आता तरी. सरांनी सगळ्यांचे आभार मानले, काकूंचे मानले, चहावाल्याचे मानले, सासऱ्यांचा विनोद सांगितला आणि बसले.

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली आणि तिने प्रोग्रॅम उघडला. आता ओळ पुन्हा घालायची होती, खाली कारण लिहायचं होतं. बाहेर खुर्च्या आवरण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने सर आले, हातात पुष्पगुच्छ, तो कुठे ठेवावा ते न कळून तसाच धरलेला.

"पंधरा नको," ते म्हणाले. "बारा कर."

तिने मान वर केली.

"मला तेव्हाच बारा करायचे होते. पण निधीचे पंधरा टक्के तेव्हा आधीच इमारतींत अडकलेले होते. कमी करायचे म्हणजे का ते सांगावं लागलं असतं."

"म्हणजे ओळ तुमचीच." तिचा आवाज शांत होता, तिचं तिलाच नवल वाटलं.

सर समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "बाजार पडला त्या वर्षी मी जुन्या इमारतीतली ती दोन दुकानं विकायला काढली होती. कुणाला न सांगता, नुसतं बघायला. कागदावर किंमत साठ लाख. जवळजवळ वर्षभर कुत्रं फिरकलं नाही. मग एक जण आला, चाळीस देतो म्हणाला."

"मग?"

"नाही विकली. विकली असती तर चाळीसची नोंद झाली असती. मग व्हॅल्युअरला सगळी इमारत त्या भावाने धरावी लागली असती. एका वर्षात एवढी मोठी खोट विश्वस्तांना दाखवायची, आणि तीही मी, ज्याने सांगितलं होतं की इमारतीला जोखीमच नाही." ते थांबले. "किंमत कळू नये म्हणून विकली नाही. आणि कळली होती म्हणून ती ओळ घातली."

"आणि मी दारातून विचारलं तेव्हा म्हणालात, काढ!" आता मात्र तिचा बांध फुटला. "काल घरी आले, हात जोडायचे तेवढे बाकी होते. आज सगळ्यांसमोर अध्यक्षांनी मला सोलून काढलं आणि तुम्ही पाणी प्यायलात. माझी जागा गेली, सर! जागेचं मरू दे, पण मी तुम्हाला... मी माझ्या आईलासुद्धा तुमच्याएवढं कधी मानलं नाही."

सरांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. पुष्पगुच्छ त्यांनी खाली फरशीवर ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी, स्क्रीनसमोर बसले. चाळणीने डोळे पुसले. तिने पंधरा खोडून बारा केले, आणि कारणाच्या जागी कर्सर नेऊन ठेवला.

"सांगा," ती म्हणाली. "दुकानांचं सगळं सांगा. सावकाश. मी तुमचेच शब्द घालते. पुढच्या बैठकीत सगळे वाचतील, तुम्हाला बोलावून घेतील."

"हो."

"यावं लागेल."

"येईन." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्क्रीनवरच्या दुसऱ्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "आधी इथे माझं नाव घाल. मग बोलतो. नाहीतर सांगता सांगता माझा विचार बदलेल."

तिने त्यांचं नाव घातलं, आडनावासकट, आणि ते बोलायला लागायची वाट बघत बसली.